गियरमध्ये ठेवलेली गाडी

कराडला परतल्यापासून आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एकच प्रश्न चालू आहे, "माळव्यात काय काय पाहिलंत?" मांडू पाहिलं का, उज्जैनला गेलात का, नर्मदेत बुडी मारली का. यातलं मी काहीही केलेलं नाही. मी तिथे फिरायला गेलोच नव्हतो. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं.

माझी मुलगी शुभदा सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन देवासला गेली. जावई निखिल तिथल्या एका कारखान्यात आहे. त्याचे वडील तिथल्याच कारखान्यांपायी नगरकडून तिकडे गेले, धारच्या जुन्या मराठी घरातली मुलगी केली आणि तिथलेच झाले. ते आता नाहीत. घरात आता निखिल, शुभदा आणि आमच्या विहीणबाई.

शुभदा रक्त-लघवी तपासायचं काम शिकलेली आहे. तिला इंदूरच्या एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागत होती. पगार चांगला, काम आवडीचं, पण ड्यूटी दुपारी एक ते रात्री नऊ. नऊनंतर देवासची बस कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि निखिलच्या पाळ्या फिरत्या. म्हणजे घरातली गाडी घेऊन तिने रात्री एकटीने परत यायचं. विहीणबाईंचं म्हणणं, मुळीच नाही. दोन आठवडे घरात यावरून धुसफूस चालली. शेवटी त्याच म्हणाल्या, "तुझे वडील बत्तीस वर्षं घाटात बस चालवत होते. त्यांना बोलाव. अंधार पडल्यावर त्यांनी तुझ्या शेजारी बसून पाहावं, इंदुरात गाडी कशी हाकतेस, कशी लावतेस. ते हो म्हणाले तर माझं हो. ते नाही म्हणाले तर विषय संपला." लॅबला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

फोनवर हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे कबूल करतो. निवृत्त झाल्यापासून कुणी काही विचारत नाही. इथे तर दुसऱ्या राज्यातून बोलावणं आलं होतं.

देवास, शुक्रवार

सकाळी पोचलो तर टेबलावर पोहे तयार होते. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर. इथे त्यांवर मूठभर शेव, वर जीरावन नावाचा आंबटतिखट मसाला, आणि शेजारी जिलेबी. सकाळी आठ वाजता जिलेबी! मी जरा बिचकत एक उचलली. मग दुसरी उचलताना बिचकलो नाही.

विहीणबाईंचं मराठी ऐकत राहावं असं आहे. त्या मला "व्याहीबुवा" म्हणतात. आपल्याकडे आता व्याही, मेहुणे, साडू, सगळे सरसकट पाहुणे झालेत. त्या अजून नणंदेला "वन्सं" म्हणून फोन करतात, आणि पुढच्याच वाक्यात दारावरच्या भाजीवाल्याला "क्यों भिया, मटर कैसे दिए?" विचारतात. निखिलचं मराठी मात्र खिचडी. शाळा हिंदीत झालेली.

"बाबा, तुम्ही जरा आराम करून घ्या," तो म्हणाला. "शुभदा एकदम मस्त चालवते. माझ्यापेक्षा बेटर. पण आईला कोण समजावणार?"

"मस्त म्हणजे काय ते मी बघतो," मी म्हणालो. परीक्षकाने आधीच विरघळून चालत नाही.

संध्याकाळी टेकडीवर देवीला जाऊन आलो. इथे टेकडीला टेकरी म्हणतात. वरून गावाचे दिवे दिसत होते आणि इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग. विहीणबाई कठड्याला धरून बराच वेळ तिकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, सून कमावते याचा मला त्रास नाही. मला रात्रीचा त्रास आहे. निखिलचे वडील सेकंड शिफ्ट करून यायचे तेव्हा बारा वाजेपर्यंत मी दाराशी उभी राहत असे. ते पुन्हा नको." तोवर मला त्या जरा हेकट वाटत होत्या. त्यानंतर वाटल्या नाहीत.

धार, शनिवार

ठरलं असं की सकाळी धारला विहीणबाईंच्या माहेरी जायचं, दुपारी तिथून निघायचं, अंधार पडता पडता इंदुरात शिरायचं, आणि तिथून रात्री देवास. म्हणजे परीक्षा सगळ्या विषयांची होईल. शुभदा गाडीवर, मी शेजारी, विहीणबाई मागे.

निघण्यापूर्वी तिने काच आतून-बाहेरून ओल्या वर्तमानपत्राने पुसली. हे मी तिला शिकवलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "रात्री समोरचा दिवा आला की काचेवरच्या प्रत्येक डागाला झालर लागते बाबा." मी मनातल्या मनात पाच गुण दिले आणि चेहरा कोरा ठेवला.

रस्ता म्हणजे टेबल. आमच्या कुंभार्ली घाटात एका वळणात जेवढा चढ असतो तेवढा इथे पन्नास किलोमीटरमध्ये मिळून नसेल. दोन्हीकडे हिरवा गहू, मध्येच लसणाचे वाफे, काळी माती. घाटातल्या माणसाला अशा सपाटीची थोडी भीतीच वाटते.

विहीणबाईंचे धाकटे भाऊ नाना यांचं धारला दुकान आहे. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर तंबू आणि कनाती शिवायला आले. दरबार गेला, तंबू गेले, सुई राहिली. नाना आता गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. गंधवानी, बाग अशा लांबच्या गावांहून जीपवाले त्यांच्याकडे येतात. घरातल्या देवघरावर मात्र अजून जुन्या तंबूच्या कापडाचा तुकडा ताणलेला आहे आणि त्याला कुणी पडदा म्हणत नाही, "डेरा" म्हणतात.

दुपारी दाल-बाफले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. नानांच्या बायकोने माझ्या पानात तीन वाढले; "नाही" हा शब्द त्या घरात कुणाला येत नसावा. शुभदाने मात्र एकच घेतला.

"अजून एक घे ना गं," मामी म्हणाल्या.

"गाडी चालवायची आहे मामी, झोप येईल."

तिला पुन्हा पाच गुण. परीक्षकाने तीन खाल्ले होते. निघाल्यावर पंधरा मिनिटांत परीक्षक झोपला आणि इंदूर जवळ आल्यावर जागा झाला. अर्ध्या पेपरचे गुण मी अंदाजाने दिले आहेत, हे इथे नोंदवतो.

इंदूर, संध्याकाळ

दिवेलागणीला शहरात शिरलो. शेंगा खाऊन मी टरफलं खिडकीबाहेर टाकली, तर शेजारून चाललेला स्कूटरवाला काचेशी येऊन शांतपणे म्हणाला, "अंकल, इंदौर है." एवढंच, आणि गेला. मागून विहीणबाईंनी एक पिशवी पुढे केली. उरलेली टरफलं मी तिच्यात टाकली.

शहर मोठं. सिग्नलला चार रांगा, त्या चारांत शेजारी शेजारी आठ गाड्या, आणि मधल्या फटींत दुचाक्या. उलट्या बाजूने येणारे तर सगळीकडेच असतात, इथेही होते. शुभदाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. हॉर्न जवळजवळ नाही. एक रिक्षा अगदी नाकासमोरून वळली. माझा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर दाबला गेला, तिचा ब्रेकवर हलकेच गेला. तिने रिक्षावाल्याला शिवीही दिली नाही. यावर मी जरा गुण कापायच्या विचारात होतो, कारण आमच्या धंद्यात ते हजरजबाबीपणाचं लक्षण मानतात.

आधी तिने आपली लॅब दाखवली. तिथे गाडी कुठे लावायची हे ती आधीच येऊन पाहून गेली होती: पहारेकऱ्याच्या खोलीसमोर, दिव्याखाली, नाक रस्त्याकडे. "रात्री निघताना रिव्हर्स घ्यायला नको. चावी दारातच हातात घ्यायची, मागच्या सीटवर नजर टाकायची, बसल्याबरोबर लॉक करायचं, मग फोन." विहीणबाई हे सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. चेहऱ्यावरून त्या मला निम्म्याहून जास्त तयार झालेल्या दिसल्या.

मग जुन्या बाजाराकडे निघालो, कारण इंदुरात येऊन रात्रीचं खाल्लं नाही तर लोक हसतील. बाजाराच्या अलीकडे एका मैदानात पार्किंग. मैदान भरलेलं. भिंतीला नाक लावून गाड्यांची ओळ, आणि त्यांची वाट अडवून आडव्या अजून गाड्या. पार्किंगवाल्याने आम्हाला आडवी जागा दाखवली. "दीदी, न्यूट्रल में छोड़ना. हैंडब्रेक मत लगाना."

शुभदाने चाकं सरळ केली, गियर काढला, हँडब्रेक सोडला, गाडी बंद केली आणि उतरली.

मी पाहतच राहिलो. "अगं, ब्रेक?"

"इथे असंच लावतात बाबा. मागच्याला निघायचं असलं की आपली गाडी हाताने पुढे ढकलतात, त्याची निघते, परत जागेवर आणतात. ब्रेक लावला तर तो अडकून बसेल."

मला ते कळलं. शब्दन् शब्द कळला. पण बत्तीस वर्षं गाडी सोडून उतरताना पहिला गियर, मग हँडब्रेक, मग चाकाखाली दगड, हे मी देवाचं नाव घेतल्यासारखं केलेलं आहे. उघड्यावर मोकळी सोडलेली गाडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पन्नास पावलं गेल्यावर मी म्हणालो, "चष्म्याचं घर गाडीत राहिलं, चावी दे." परत गेलो, गियर टाकला, हँडब्रेक करकचून ओढला, पार्किंगवाल्याचा डोळा चुकवून एक चांगला धोंडा शोधला, चाकाखाली सारला, आणि हात झटकत बाजारात गेलो. जिवाला बरं वाटलं. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर शुभदा परत जाऊन ब्रेक काढून आली असती.

बाजारात थंडीचा गराडू तळत होते. हा एक कंद. तळून, कुरकुरीत करून, त्यावर मसाला आणि लिंबू. मग भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याचा किसलेला, दुधात शिजवलेला उपमाच. विहीणबाई प्रत्येक दुकानाशी थांबून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कुठे काय खाल्लं होतं ते सांगत होत्या. शुभदाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. तिने हळूच माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. म्हणजे, काम झालं.

परत आलो तर आमच्या गाडीभोवती सात-आठ माणसं. दोघं पुढून, तिघं मागून तिला हलवत होते आणि ती जागची हलत नव्हती. मागच्या ओळीत एका गाडीत एक कॉलेजातली मुलगी मांडीवर बॅग घेऊन बसली होती. तिचे वडील घामाघूम झाले होते. तिला परीक्षेला परगावी जायचं होतं, रेल्वे सुटायला थोडाच वेळ होता, आणि अर्धा तास ते आमच्यामुळे अडकले होते.

"ये किस समझदार की गाड़ी है?" पार्किंगवाला ओरडला. "बोला था ना, न्यूट्रल में!"

शुभदा पुढे धावली. आत बसली. गियरच्या दांड्यावर हात गेला तशी क्षणभर थांबली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"माफ कीजिए भैया, गलती हो गई," ती म्हणाली. कुणीतरी चाकाखालचा धोंडा पाहून हसलं. दुसरा म्हणाला, "लेडीज ड्राइवर है भिया, और क्या!" त्या मुलीच्या वडिलांनी गाडी काढली आणि भरधाव गेले. तिला रेल्वे मिळाली की नाही, हे मला अजून माहीत नाही.

मी तिथेच उभा होतो, चार हातांवर. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. पण एवढे लोक, विहीणबाई, माझी बत्तीस वर्षं! मी मिठाची गुळणी धरली.

देवासचा रस्ता

शहराबाहेर पडल्यावर खरी रात्र सुरू झाली. समोरून येणाऱ्यांचे मोठे दिवे थेट डोळ्यांत. शुभदा त्यांच्याकडे पाहत नव्हती, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून जात होती. स्वतःचा दिवा वेळेवर खाली करत होती. एक ट्रॉली बिनदिव्याची, मागे लाल चिंधीसुद्धा नाही, अंधारात उभी होती. मला ती दिसायच्या आत तिने वेग कमी केलेला होता. खरंच सांगतो, त्या जागी मी असतो तर ब्रेक दाबावा लागला असता.

मागे विहीणबाईंच्या बाजारातल्या गप्पा संपल्या होत्या. आरशात त्यांचा चेहरा दिसे आणि टेकरीवर दिसला होता तसाच तो दिसत होता. मी सारखा ठरवत होतो, आता बोलतो. पुढचा पूल आला की बोलतो. पुढचा ढाबा आला की बोलतो. पूल गेले, ढाबे गेले, देवास आलं.

घरात शिरल्यावर विहीणबाईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानेच म्हणाल्या, "व्याहीबुवा, आपल्याला विचारायचं कारण उरलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. आज दुसऱ्याचं अडलं. उद्या हिच्याच चुकीने ही रात्रीची कुठे अडकून पडली तर? शुभदा, सोमवारी नाही म्हणून कळव."

निखिल म्हणाला, "अरे, पण झालं काय?"

"गाडी मी गियरमध्ये टाकली," मी म्हणालो. आवाज माझा मलाच चिरका वाटला. "चष्म्याचं घर राहिलं नव्हतं. हिने बरोबर लावली होती. मी मागून जाऊन गियर टाकला, ब्रेक ओढला, धोंडाही मीच लावला. ही चालवते ती माझ्यापेक्षा चांगली. रात्रीची तर फारच चांगली. माझं हो आहे."

विहीणबाई खाली बसल्या. शुभदाला म्हणाल्या, "तुला कळलं होतं?"

"गियरला हात लावला तेव्हाच."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"एवढ्या लोकांत बाबांचं नाव कसं घेऊ?"

"म्हणजे चुकले हे," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "बोलणी खाल्लीस तू, आणि नोकरी मी तुझी घालवत होते." मग माझ्याकडे वळून, "बत्तीस वर्षांत आपली कुणी अशी परीक्षा घेतली होती, व्याहीबुवा?"

"नाही," मी म्हणालो. खरंच कुणी घेतली नव्हती.

"हो म्हणून कळव," त्या शुभदाला म्हणाल्या. "पण निघताना फोन करत जा. मी दाराशी उभी राहीन ती राहीनच, त्याला तुम्ही कुणी काही म्हणू नका." आणि दूध तापवायला आत गेल्या.

रविवार

परतीची बस इंदूरहून रात्री होती. विहीणबाईंनी स्वतःच सांगितलं, शुभदा सोडून येईल. एकटी परत येईल. म्हणून आम्ही दोघंच निघालो. बसच्या थांब्याजवळ तिने दिव्याखाली गाडी लावली, नाक रस्त्याकडे. मला वाटलं सगळं मिटलं. तरी विचारलं, "रागावली नाहीस ना?"

तिने पिशवी खाली ठेवली. "गियरचा राग नाही बाबा. सवय असते, समजतं मला. पण ते सगळे लोक मला बोलत होते तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. आणि मग देवासपर्यंत सगळा रस्ता गप्प बसलात. मला वाटलं, आत्ता म्हणाल, आत्ता म्हणाल."

"चुकलो गं," मी म्हणालो.

"हो. पण हे तिथे म्हणायचं होतं, बाबा."

तिने वाकून नमस्कार केला, माझी पिशवी वर चढवून दिली, आणि चावी हातात घेऊन गाडीकडे गेली. तासाभराने तिचा फोन आला, "पोचले. आई दारातच होत्या." आवाज चांगला होता. मी खिडकीशी बसून रडलो. तो आनंद होता की शरम, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

तिथे मी बोललो नाही. ती माणसं आता मला भेटणार नाहीत, तो पार्किंगवालाही नाही, आणि ती बॅगवाली मुलगीही नाही. म्हणून इथे, तुम्हा सगळ्यांसमोर लिहितो: त्या रात्री इंदूरच्या मैदानात माझ्या मुलीने गाडी बरोबर लावली होती. गियरमध्ये मी टाकली.